सीताफळाची वस्त्रगाळ भुकटी

सीताफळ मी खात नाही. कोणी पुढं केलं तर थंड पडतं, खोकला होतो, असं सांगून वाटी सरकवतो. बायकोलाही मी हेच सांगत आलो. खोकल्याचं ते कारण खोटं आहे. खरं कारण सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं की आता ते माहीत असलेलं माझ्याशिवाय कोणी उरलं नाही. माय आणि मोठा भाऊ खरं न कळताच गेले, आणि हे सारं जिच्याबद्दल आहे ती माझी वहिनीही गेली.

आताही टाळलंच असतं. पण कोरोनाच्या दिवसांत एकदा मी पुतणीकडे गेलो होतो. पुतणी म्हणजे वहिनीची मुलगी. आता तिलाच नातवंडं आहेत. तिची नात मास्क हनुवटीवर ओढून अंगणात पळत होती. पुतणी तिला म्हणाली, "नीट बांध वं तोंडाले. माह्या मायनं फडका नाही बांधला म्हणून जलमभर आंधळी राह्यली. या आजोबाले विचार, याच्यासमोर झालं सारं."

पोरगी थांबली. मोठे डोळे करून माझ्याकडे पाहत राहिली. मी मान डोलावली.

एकदा बोललेलं खोटं पुन्हा बोलायला तोंडसुद्धा उघडावं लागत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. घरी आलो तेव्हा ठरवलं, की आता लिहायचं.

सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. आमची भाजीची वाडी नागपूरच्या दक्षिणेला, रेल्वेच्या रुळांपलीकडे. आज तिथं मनीषनगर पसरलं आहे, पण तेव्हा सगळी काळी माती होती. एक विहीर, तीन-चार लिंबाची झाडं, गुरांचा गोठा आणि त्याला लागून आमचं कवेलूचं, कौलारू घर. घरात माय, दादा, वहिनी, त्यांची लहान मुलगी आणि मी. वडील आधीच वारले होते. दादानं शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं आणि मी मॅट्रिक झालो होतो. त्यामुळे दुकानातून काही आणायचं असो, सरकारी माणसाशी बोलायचं असो, दादा म्हणायचा, "त्याले विचारा." दादा रागीट होता. बैल अडला तर बैलाला आणि बैल ऐकत नसला तर आम्हाला शिव्या द्यायचा. पण माझ्या शिक्षणापुढं तो गप्प व्हायचा. मला ते फार आवडायचं.

वहिनी माझ्याहून वर्ष-दोन वर्षांनी मोठी असेल. सावळी, ठेंगणी, बोलायला तिखट. तिचं लग्न होऊन ती घरात आली तेव्हा मी शाळेत होतो, आणि "भाऊजी, अभ्यास करून राहिले का माश्या मारून राहिले?" असं विचारून ती मला जेवायला हाक मारायची. माझ्या बरोबरीची, थट्टा करणारी, अशी घरात तीच होती.

आम्ही हिवाळ्यात पत्ताकोबी लावायचो. कोबीवर हिरवी अळी पडते, पानांची चाळण करते. तिच्यासोबत मावा येतो. राखेसारखा पानाच्या पोटाशी चिकटून बसतो आणि रस ओढतो. आम्ही दुकानातली पांढरी भुकटी आणायचो आणि कापडाच्या पुरचुंडीत बांधून पानांवर आपटायचो. पहिले दोन हंगाम अळ्या पटापट गळल्या. मग त्या त्याच भुकटीवरून आरामात चालायला लागल्या. एका सकाळी दादा वाफ्यात उकिडवा बसून बराच वेळ पाहत होता. म्हणाला, "या तं पावडर लावून लग्नाले चालल्या गा."

त्याच दिवसांत माय पुतणीच्या डोक्यातल्या उवा काढत होती. आमच्याकडे त्यासाठी सीताफळाच्या बिया वाटून तेलात कालवून लावतात. डोक्याला गच्च फडकं बांधायचं, पोरीला डोळे मिटायला लावायचं आणि धुऊन होईस्तोवर ते उघडू द्यायचे नाहीत. ते डोळ्यात गेलं तर आग होते, हे घरातल्या लहान पोरालाही माहीत होतं. पुतणी रडत होती आणि वहिनी तिचे हात धरून बसली होती. वहिनी हसत म्हणाली, "उवा मरतात तं मावा काहून नाही मरत? लावा कोबीलेही, अन् बांधा फडकं."

सगळे हसले. मी मात्र दुसऱ्या दिवशी एका वाफ्यावर ते करून पाहिलं.

मावा वाळला. अळ्या मेल्या नाहीत, पण खायच्या थांबल्या आणि दोन-तीन दिवसांत सुस्तावून खाली पडल्या. आठ दिवसांनी पुन्हा शिंपडावं लागलं, पाऊस आला तर लगेच शिंपडावं लागलं. तरी कोबीचे गड्डे भरले. त्यावर दुकानातल्या भुकटीचा वास नव्हता, आणि बाजारात गिऱ्हाईक गड्डा नाकाशी नेऊन घेत होतं. आजूबाजूच्या वाड्यांतले लोक पाहायला येऊ लागले. दादा त्यांना माझ्याकडे बोट दाखवून सांगे, "हे त्याचं डोकं होय."

पण ते काम माझं नव्हतं. मी फक्त शिंपडत होतो. गवताचा कुंचा बादलीत बुडवायचा आणि ओळीनं झटकत जायचं. खरं काम वहिनीचं. सीताफळं संपेस्तोवर बिया जमवायच्या, धुऊन वाळवायच्या, लागतील तशा रात्रभर भिजत घालायच्या, उखळात पाणी टाकून कुटायच्या, मग तो पांढरट चोथा मडक्यात मुरवून गाळायचा. मायचा नियम होता की बी कोरडं फोडायचं नाही. भिजवून कुटायचं आणि कुटतानाही वरून पाणी सोडत राहायचं, म्हणजे उडत नाही. तरी वहिनीच्या बोटांना खाज सुटायची. ती रात्री हाताला तूप चोळत बसायची आणि म्हणायची, "कोबी खाते नागपूर, अन् खाजवतो आमी."

त्या हिवाळ्यात शहरात शेतीचं प्रदर्शन भरणार होतं. तिथं मांडायला भाज्या गोळा करत एक कृषी अधिकारी आमच्या वाडीत आले. त्यांनी कोबी पाहिला, मग मडकं पाहिलं, वास घेतला. म्हणाले, "कोबी आणच. पण हे औषधही आण. पाण्यातलं नको, ते दोन दिवसांत नासेल. कोरडी भुकटी कर. काचेच्या बरणीत ठेवू. बारीक पाहिजे हं, टाल्कम पावडरसारखी."

मी त्या काचेच्या बरणीच्या प्रेमातच पडलो. प्रदर्शनात मी आधी एकदा जाऊन आलो होतो. लांबच लांब टेबलं, त्यावर पांढरं कापड, आणि बरण्यांसमोर उभे राहून लोकांना समजावून सांगणारे इस्तरीच्या शर्टातले लोक. त्या ओळीत मी स्वतःला उभं केलं होतं. दुसरं काही मला दिसत नव्हतं.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही अंगणात कुटायला बसलो. दादा वाडीत होता. माय घरात. पुतणी शेजारी खेळायला गेली होती. मी बिया दोन दिवस उन्हात कडक वाळवून ठेवल्या होत्या.

वहिनी म्हणाली, "भाऊजी, कोरडं नका करू. बुढीनं पाह्यलं तं बोलंल."

"वहिनी, ओलं नासते. नासलेलं बरणीत ठेवू का?"

"मंग मिरच्या ठेवा न बरणीत. दिसाले तरी चांगल्या दिसतील."

"तुम्ही कुटा. मी चाळतो. घंटाभराचं काम आहे."

"हो. तुमच्या बरणीले हार घालतील, अन् मले खोकला."

पण ती बसली. बसण्याआधी घरात जाऊन तिनं एक फडका आणला. वडिलांच्या जुन्या धोतराचा, धुऊन धुऊन मलमलीसारखा झालेला. तो तिनं डोक्यावरून पुढं घेऊन सगळा चेहरा झाकून मागं गाठ मारली. कापड इतकं पातळ होतं की त्यातून तिला उखळ दिसत होतं. मला तिचा चेहरा धुक्यात असल्यासारखा दिसत होता. ती म्हणाली, "नवरीच झाली मी पुन्हा," आणि मुसळ उचललं.

हे मी मुद्दाम सावकाश लिहितो आहे. वहिनीनं फडका बांधला होता. कोणी न सांगता, स्वतःहून बांधला होता.

ती कुटत गेली, मी चाळत गेलो. घरात पिठाची चाळणी होती. तिच्यातून भुकटी जाडसर पडत होती, हाताला रव्यासारखी लागत होती. मग मी दुपट्टा घेतला, त्यातून काहीच पडेना. धान्याची पिशवी उलटी करून पाहिली, तिला भोकं होती. टाल्कम पावडरसारखी पाहिजे, हे माझ्या कानात घुमत होतं. मी वर पाहिलं आणि मला तिच्या चेहऱ्यावरचं ते कापड दिसलं.

"वहिनी, तो फडका द्या."

"काहून?"

"गाळाले. एकदम बरोबर आहे तो."

"अन् मी?"

"पदर घ्या ना. थोडंच राह्यलं."

ती म्हणाली, "थांबा, गोठ्यातून दुसरं काही पाहतो." मला धीर नव्हता. मी तिच्या मागं गेलो आणि गाठ मीच सोडली. थट्टेनंच सोडली; "नवरीचा मुखडा पाहू द्या," असं काहीतरी बोललो. तीही हसली. मग तिनं पदर नाकातोंडावर घेतला आणि दातांत धरला. डोळे उघडे राहिले.

मी परातीवर फडका ताणून धरला आणि झटकू लागलो. खाली पडत होती ती भुकटी खरंच सुंदर होती. मी उभा होतो, ती समोर खाली बसली होती. गोठ्याच्या कोपऱ्यावरून वारा आला तो माझ्या पाठीवर आला. फडक्यावर होतं नव्हतं ते सगळं एकदम उठलं आणि तिच्या तोंडावर गेलं.

ती ओरडली आणि तिनं दोन्ही हात डोळ्यांवर नेले. ते हातही भुकटीनं माखलेले होते. मी "चोळू नका, चोळू नका" म्हणत होतो, पण डोळ्यांत निखारा पडल्यावर माणूस ऐकतो का? मी बादली आणली, तिच्या तोंडावर पाणी मारलं. ती जमिनीवर वाकून हुंदके देत होती. तेवढ्यात माय आतून धावत आली.

"काय झालं गा? काय केलं तुमी?"

मायनं माझ्यावर आरोप केला नव्हता. तिनं नुसतं विचारलं होतं. मी जे बोललो ते मला कोणी बोलायला लावलं नाही. माझ्या एका हातात तो फडका होता, आणि मी म्हणालो, "मी सांगत होतो वहिनीले, तोंडाले फडका बांधा म्हणून."

वहिनीचं डोकं बादलीत होतं. तिनं ते ऐकलं. क्षणभर तिचं पाणी मारणं थांबलं, एवढं मला दिसलं. मग ती पुन्हा पाणी मारू लागली.

संध्याकाळी दादा आला. वहिनीचे डोळे सुजून बंद झाले होते आणि माय त्यावर दुधात भिजवलेल्या कापसाच्या घड्या ठेवत होती. दादा उंबऱ्यातच उभा राहून कडाडला, "तुले अक्कल नाही का वं? सारं घर सांगते डोळ्यात जाते म्हणून. फडका काहून नाही बांधला?"

मी आतल्या दाराशी होतो. मला वाटलं, आता ती सांगणार. सांगितलं असतं तर दादानं मला वाडीतून हाकललं असतं, निदान एकदा तरी मारलं असतं. मी त्याची वाट पाहत होतो. खरं सांगायचं तर मला ते व्हायला हवं होतं आणि नकोही होतं.

वहिनी म्हणाली, "भाऊजी सांगत होते. मीच इसरली."

तिनं असं का केलं, हे मी तिला कधी विचारलं नाही. भावाभावांत फूट पडेल म्हणून असेल. मी अजून पोरसवदा आहे असं तिला वाटलं असेल. किंवा दोन दिवसांत डोळे बरे होतील, मग कशाला तमाशा, एवढंच असेल. तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हतं की डोळे बरे होणार नाहीत.

ते मला ठाऊक असायला हवं होतं. सकाळी दादा म्हणाला, "गाडी जुंपतो, मोठ्या दवाखान्यात नेतो हिले." घरात बैलगाडी एकच होती. प्रदर्शनाला कोबी आणि बरणी त्याच गाडीतून जाणार होती. मी म्हणालो, "डोक्याले लावतो तेव्हाही जळजळ होतेच ना. उतरते आपोआप. प्रदर्शन दोन दिवसांचं आहे. परवा नेऊ."

दादा माझ्याकडे पाहत राहिला. मग नेहमीसारखं म्हणाला, "तुले समजते ते."

प्रदर्शनात माझी बरणी दुसऱ्या टेबलावर होती. लोक येत होते, झाकण काढून पाहत होते. ते अधिकारी एका मोठ्या साहेबांना घेऊन आले. साहेबांनी भुकटी चिमटीत धरून चोळली आणि विचारलं, "इतकी बारीक कशी केली? गिरणीतून आणली?"

"नाही साहेब," मी म्हणालो, "मलमलच्या फडक्यातून वस्त्रगाळ केली."

घरात जे मी लपवलं, ते त्या मांडवात मी अभिमानानं सांगितलं. एकदा नाही, जो विचारेल त्याला. मला बक्षीस म्हणून पितळी फवारा पंप मिळाला आणि टाळ्या वाजल्या. ती भुकटी कोणी कुटली, हे कोणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

परत आलो तेव्हा वहिनी खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडली होती. माझी चाहूल लागली तशी म्हणाली, "भाऊजी, काय झालं? आवडली का लोकायले?"

"पहिला नंबर आला."

"चांगलं झालं," ती म्हणाली. "दिसत कशी होती बरणीत?"

मी म्हणालो, "छान दिसत होती."

दवाखान्यात नेलं तोपर्यंत डोळ्यांतून पू येत होता. डॉक्टरांनी पापण्या उलटून पाहिल्या आणि आम्हा दोघा भावांवर ओरडले, "पहिल्या दिवशी का नाही आणलं?" दादानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "घरी कामं होती." औषधं झाली, पट्ट्या झाल्या, आठवड्यांमागून आठवडे खेपा झाल्या. शेवटी एका बुबुळावर फूल पडलं ते पडलं. दुसऱ्या डोळ्यानं तिला उजेड-अंधार आणि माणसाची आकृती एवढंच दिसायचं. पुतणी तेव्हा चार-पाच वर्षांची असेल. तिचा चेहरा वहिनीसाठी त्या वयाचाच राहिला.

त्यानंतर सीताफळाचं बी आमच्या घरात कोणी कुटलं नाही. निंबोळीचा अर्क करायचो, तो मी स्वतः करायचो. पितळी पंप मात्र चांगला होता. दादा तो पाठीला बांधून वाडीभर फिरायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, "भावाचं बक्षीस होय."

वहिनी काम करत राहिली. सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, आणि मेथीच्या जुड्या बांधायची, वांगी निवडायची, पोळ्यासुद्धा करायची. पण घरातली तिची जागा बदलली. पूर्वी ती दुसऱ्यांची थट्टा करायची. आता तिची व्हायला लागली, आणि ती माझ्या त्या एका वाक्यातून निघालेली थट्टा होती. आमच्या घरात कोणी दूध उतू घालवलं, कोणी छत्री विसरलं, की माय म्हणायची, "फडका इसरली वाटते." पुढं ते मायनंच नव्हे, सगळ्यांनीच उचललं. शेजारपाजारही बोलू लागला. माझं लग्न झालं, बायको आली, तिलाही काही महिन्यांत ते पाठ झालं. एकदा मी विहिरीवर बादली विसरलो, तर ती हसून म्हणाली, "घ्या, तुम्हीपण फडका विसरलात." वहिनी तिथंच बसून जुड्या बांधत होती. तिचे हात थांबले नाहीत.

पुतणी मोठी झाली ती हेच ऐकत. शाळेत तिला आंधळीची पोरगी म्हणायचे. आई न्यायला आली की ती लांबून चालायची. तिला वाटायचं, की आईनं साधं एक सांगितलेलं ऐकलं असतं तर आपलं घर इतरांच्या घरासारखं असतं.

ऐंशीच्या सुमाराला वाडीच्या जागेवर प्लॉट पडले. आम्ही जवळच दोन खोल्यांचं घर बांधून राहायला गेलो. तिथलीच एक सकाळ आहे. मी पुढच्या खोलीत चहा घेत होतो. पुतणी तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची असेल. चुलीवरचं पातेलं उतरवताना वहिनीचा हात चुकला आणि सगळी डाळ जमिनीवर गेली. पुतणीला शाळेत जायची घाई होती. ती चिडून म्हणाली, "तुले काही तरी जमते का वं माय? एक फडका बांधाले सांगतला होता, तोही नाही जमला. आमाले काहून भोगाले लावते?"

वहिनीनं मान वळवली. माझ्या हातातली बशी कपाला लागून वाजली होती. त्या आवाजावरून मी कुठं बसलो आहे हे तिला कळलं होतं. तिनं तोंड नेमकं माझ्याकडे केलं आणि ती तशीच थांबली. एक डोळा पांढरा, दुसरा माझ्यावर असल्यासारखा, पण मला न पाहणारा.

ती वाट पाहत होती. हे मला तेव्हाही कळलं होतं. नंतर विचार करून मी हे शोधलेलं नाही. इतकी वर्षं नवऱ्याचं ऐकलं, सासूचं ऐकलं, शेजाऱ्यांचं ऐकलं. पण स्वतःच्या पोरीच्या तोंडून आलं तेव्हा तिला वाटलं असेल की आता तरी हा माणूस बोलेल. एवढंच म्हणायचं होतं, की पोरी, तसं नव्हतं ते.

मी चहा प्यायलो. पुतणी दप्तर घेऊन निघून गेली. मग वहिनी खाली बसून हातानं डाळ गोळा करायला लागली आणि मी म्हणालो, "राहू द्या वहिनी, मी करतो." त्यावर ती म्हणाली, "तुमी काय कराल भाऊजी?"

टोमणा होता का? मला अजूनही सांगता येत नाही. तिचा आवाज साधा होता.

त्यानंतर ती माझ्याशी तुटक वागली असं नाही. जेवायला हाक मारायची, आजारी पडलो तर काढा करून पाठवायची. पण तिनं पुन्हा कधी तसं तोंड माझ्याकडे वळवलं नाही.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं तेव्हा वहिनीच्या पोटात पाणी झालं. पुतणी तोवर सासरी गेली होती. ती येऊन दवाखान्यात आईच्या उशाशी राहिली. आईची वेणी घालायची, अंग पुसायचं, सगळं ती करत होती. मी रोज दुपारी जायचो. रोज ठरवून जायचो. काय बोलायचं ते सायकलवर बसल्या बसल्या मनात जुळवायचो, आणि वॉर्डात पोचलो की "आज कसं वाटते?" एवढंच तोंडातून निघायचं.

एका दुपारी मी पुतणीला म्हटलं, "जा, शहाळं घेऊन ये मायसाठी." ती गेली. शेजारच्या खाटेवरची बाई झोपली होती. मी स्टूल जवळ ओढलं.

"वहिनी."

"हो."

"मले तुमाले एक सांगायचं आहे. त्या दिवसाचं."

मला वाटलं, तिला कळलं नाही कोणत्या दिवसाचं. मग तिनं चादरीवरून हात सरकवत माझं मनगट शोधलं.

"पोरीले नका सांगू आता," ती म्हणाली. "तिनं मले लय बोललं, भाऊजी. तिले समजलं तं तिच्यानं सोसणार नाही. माझ्यामागं रडत बसंल."

मी म्हणालो, "बरं."

आणि मला बरं वाटलं. हे लिहायला सगळ्यात कठीण आहे. ती मरणाच्या दारात होती, मुलीसाठी माझ्याकडे एक मागत होती, आणि मला पहिल्यांदा जे वाटलं ते सुटल्यासारखं होतं. पोरीला सांगू नका, असं ती म्हणाली होती. मला काही बोलू नका, असं नव्हती म्हणाली. तिनं माझं मनगट सोडलंही नव्हतं. पुतणी यायला वेळ होता. मी गप्प बसून राहिलो. शहाळं आलं, मी ते फोडून दिलं, तिनं दोन घोट घेतले आणि पुतणीला म्हणाली, "काकाले पण दे." दुसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा ती शुद्धीवर नव्हती.

तिच्या त्या शब्दाआड मी आजवर लपलो. वहिनीनंच मना केलं होतं, असं स्वतःला सांगत राहिलो. पण आईला निष्काळजी समजणारी पुतणी आता म्हातारी होत आली आहे आणि तीच गोष्ट ती नातीला सांगते आहे. तिला वाचून त्रास होईल. तिनं आईला जे बोललं त्याचं तिला फार वाईट वाटेल. पोरी, ते तू बोललीस, पण तुझ्या तोंडात ते मी घातलं होतं. राग धरायचा तो माझ्यावर धर.

आणि त्या दुपारी, मनगट तिच्या हातात असताना, जे मला म्हणायचं होतं ते एवढंच होतं: वहिनी, तुम्ही काही विसरल्या नव्हत्या. तुमची गाठ मी सोडली, खोटं मी बोललो, गाडी मी नेली, आणि डाळ सांडली त्या सकाळी तुम्ही माझ्याकडे पाहत होत्या तेव्हाही मी गप्प बसलो. मला माफ करा.